कलम ९ आणि मी घेतलेली हरकत

माझ्या पतींच्या मृत्युपत्राला मी न्यायालयात हरकत घेतली, ती टिकली नाही, आणि त्याच मृत्युपत्राने मला जे दिले होते तेही हरकत घेतल्यामुळे गेले. ही हकीकत लिहावी की नाही याचा विचार मी दोन वर्षे करत होते. मधल्या काळात ओळखीतल्या दोन बायकांनी निरनिराळ्या निमित्तांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला, मृत्युपत्राला हरकत घ्यावी का, आणि दोघींना फोनवर तेच तेच सांगताना माझी दमछाक झाली, म्हणून शेवटी सगळे क्रमाने लिहून काढले आहे. मी वकील नाही. मी शिक्षिका होते. खालच्या कायदेशीर गोष्टी माझ्या प्रकरणात मला जशा कळल्या तशा, पण वहीत टिपून ठेवलेल्या नोंदी समोर ठेवून लिहिल्या आहेत.

आमचे लग्न २००१ साली झाले. त्यांचे ते दुसरे आणि माझे पहिले. त्यांच्या पहिल्या पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली होती आणि मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत आला, आणि ते संबोधन आम्हा दोघांनाही पुरेसे वाटत होते. मुलुंडचा फ्लॅट यजमानांनी १९८९ साली स्वतःच्या पगारातून घेतलेला होता. ते राज्य सरकारच्या नोकरीतून २००६ मध्ये निवृत्त झाले, मी २०१६ च्या मे महिन्यात, आणि त्याच वर्षी ११ ऑगस्टला ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर साधारण महिन्याभराने माझे मामेदीर घरी आले. मृत्युपत्र आहे, ते नोंदणी केलेले आहे आणि व्यवस्थापक, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारा, म्हणून आपले नाव त्यात आहे, हे त्यांनी चहाचा कप खाली ठेवून सांगितले आणि एक झेरॉक्स माझ्या हातात दिली. ‘वहिनी, सावकाश वाचा, घाई नाही,’ असे ते म्हणाले. मी ती त्यांच्यासमोरच वाचली. फ्लॅट मुलाला. मला त्या फ्लॅटमध्ये हयातभर राहण्याचा हक्क आणि मुदत ठेवींपैकी ३५ लाख रुपये. उरलेल्या ठेवी, म्हणजे सुमारे १७ लाख, मुलाला. आणि कलम ९, ज्याचा मजकूर मला आजही तोंडपाठ आहे: ‘माझ्या वारसांपैकी जो कोणी या मृत्युपत्रास न्यायालयात हरकत घेईल अथवा आव्हान देईल व त्यात अयशस्वी ठरेल, त्यास या मृत्युपत्राने दिलेले सर्व हक्क संपुष्टात येतील व त्याचा हिस्सा दुसऱ्या लाभार्थ्याकडे जाईल.’

मला पैशांचे वाईट वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पण त्याहून जास्त लागले ते हे, की पंधरा वर्षांच्या संसारात या माणसाने मृत्युपत्राचा विषय माझ्यापाशी एकदाही काढला नव्हता, आणि काढला तो कागदावर, तोही ‘जो कोणी’ अशा भाषेत. कलम ९ हे माझ्यासाठीच लिहिलेले आहे, मुलानेच ते लिहून घेतले आहे, असे मी त्याच क्षणी ठरवून टाकले. मृत्युपत्रावरची तारीख १८ नोव्हेंबर २०१४ होती, आणि २० ऑक्टोबरला त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. मधल्या काळात औषधोपचार, डॉक्टर, बिले हे सगळे मुलगाच बघत होता. एवढे जुळल्यावर मला आणखी कशाची गरज वाटली नाही.

मी पहिले शहाणपणाचे काम केले ते दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन नोंदणीकृत प्रत मागण्याचे. हे अनेकांना माहीत नसते म्हणून लिहिते: मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नोंदणीकृत प्रत दुसऱ्या कोणालाही मिळत नाही, पण तो वारल्यावर मृत्यूचा दाखला जोडून कोणीही अर्ज करू शकते. प्रत हाती आली तेव्हा शेवटच्या पानावर अंगठ्याच्या ठशाशेजारी नोंदणीच्या वेळी काढलेला त्यांचा छोटा फोटो होता. चष्मा कपाळावर सरकवलेला, अंगात क्रीम रंगाचा बुशशर्ट. तो शर्ट त्या दिवशी सकाळी मी इस्त्री केला होता. नोव्हेंबर म्हणजे निवृत्तिवेतनासाठी बँकेत हयातीचा दाखला देण्याचा महिना, आणि ते मला ‘हयातीचा दाखला देऊन येतो’ असे सांगून बाहेर पडले होते. दाखलाही त्यांनी त्याच दिवशी दिला होता, हे मी नंतर पासबुकाच्या फाइलीत पाहिले.

त्या फोटोतला माणूस गुंगीत नव्हता, घाबरलेला नव्हता आणि कोणी हाताला धरून आणलेला दिसत नव्हता. हे मला तेव्हाच दिसले होते. प्रत मी घडी घालून पिशवीत ठेवली आणि वकिलांना दाखवताना फक्त सहीकडे बोट दाखवले, कारण सही थोडी थरथरलेली होती.

मुंबईतल्या स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला तेव्हाच्या कायद्याप्रमाणे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेणे बंधनकारक होते. त्याशिवाय त्या मृत्युपत्रावर हक्क सांगता येत नसे. मामेदिरांनी जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात प्रोबेटचा अर्ज दाखल केला. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची आणि देण्यांची यादी आणि एका साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र असते. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर चढत जाते, पण तेव्हा तिची कमाल मर्यादा ७५ हजार रुपये होती आणि तेवढी त्यांनी मिळकतीतून भरली. वारसांना न्यायालयाची नोटीस जाते, तिला सायटेशन म्हणतात. मला ती ३ एप्रिल २०१७ रोजी मिळाली.

नोटीस मिळाल्यापासून चौदा दिवसांत हरकत, म्हणजे कॅव्हेट, दाखल करायची असते आणि कॅव्हेट दाखल केल्यावर आठ दिवसांत तिच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. चौदा दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. वकील शोधणे, कागद गोळा करणे, मसुदा, दुरुस्त्या आणि सुट्ट्या यांत ते भुर्रकन जातात; माझ्या वेळी १४ एप्रिलपासून सलग सुट्ट्या येत होत्या, म्हणून आम्ही धावपळ करून १३ तारखेला कॅव्हेट टाकली आणि २० तारखेला प्रतिज्ञापत्र. नोटिशीच्या पाकिटावर ती मिळाल्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहून ठेवा आणि पाकीट फेकू नका, एवढे मी कोणालाही सांगेन.

या गडबडीत कलम ९ विषयी माझे वकिलांशी जे बोलणे झाले ते जेमतेम पाच मिनिटांचे होते. मी विचारले, ‘हे कलम माझ्यावर उलटणार नाही ना?’ ते म्हणाले, ‘अहो बाई, असली कलमे माणसाला घाबरवायला घालतात. कोर्टात कुठे टिकतात?’ मला हवे तेच उत्तर मिळाले होते, म्हणून मी दुसऱ्या कोणाला विचारले नाही. खरे तर हे गणित कागदावर मांडायला दहा मिनिटे पुरली असती. मृत्युपत्र रद्द ठरले असते तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी आणि एकुलता मुलगा यांना सारखा वाटा मिळाला असता. फ्लॅटची किंमत तेव्हा साधारण १ कोटी २० लाख आणि ठेवी ५२ लाख, म्हणजे माझ्या वाट्याला सुमारे ८६ लाख. मृत्युपत्र रद्द झाले की त्यातले कलम ९ ही रद्द. पण मृत्युपत्र खरे ठरले तर कलम ९ ही खरे, आणि मग ३५ लाखही नाहीत आणि घरही नाही. पहिला आकडा मी वहीत लिहून ठेवला होता, त्याखाली दोन रेघाही मारल्या होत्या. दुसरा लिहिलाच नव्हता.

कॅव्हेटच्या प्रतिज्ञापत्रानंतर प्रोबेटच्या अर्जाचे दाव्यात रूपांतर होते. अर्जदार वादी होतो आणि हरकत घेणारा प्रतिवादी. आमच्या दाव्याला क्रमांक मिळाला तो सप्टेंबर २०१७ मध्ये. आयुष्यात पहिल्यांदाच कोर्टाच्या कागदावर स्वतःचे नाव ‘प्रतिवादी’ या शब्दापुढे वाचले आणि फार परके वाटले. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुद्दे निश्चित झाले. मृत्युपत्र कायद्याप्रमाणे करून त्यावर साक्षी झाल्या आहेत हे वादी सिद्ध करतात काय. मृत्युपत्र करणारा त्या वेळी सुबुद्ध होता काय. ते दडपणाखाली झाले हे प्रतिवादी सिद्ध करते काय. बस्स, एवढेच. कागद वाचून मी वकिलांना विचारले, ‘वाटणी न्याय्य आहे की नाही, हा मुद्दा कुठे आहे?’ ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, ‘तो मुद्दा इथे येत नाही. माणसाला स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने हवी त्याला देता येते. इथे फक्त कागद खरा आहे का, एवढेच बघतात.’

मी ज्या प्रश्नाचे उत्तर मागायला कोर्टात गेले होते तो प्रश्न त्या दालनात विचारताच येत नव्हता, आणि हे मला दहा महिने आणि दीड लाख रुपये गेल्यावर कळले. कायदा यात गोंधळलेला नाही. संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालापासून सांगितलेले आहे. पण जवळच्या वारसाला कमी दिले एवढ्यावरून परिस्थिती संशयास्पद ठरत नाही, कारण वारसाहक्काचा नेहमीचा क्रम बदलण्यासाठीच तर माणूस मृत्युपत्र करतो. आणि दडपणाचा आरोप केला की तो सिद्ध करण्याचे ओझे आरोप करणाऱ्यावर येते. माझ्याकडे सिद्ध करायला होती ती एक थरथरलेली सही.

सहीसाठी आम्ही खासगी हस्ताक्षरतज्ज्ञ नेमले. त्यांची फी ४५ हजार रुपये. नमुने म्हणून जुने धनादेश, सोसायटीच्या सभेचे हजेरीपत्रक आणि त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातले एक अभिप्रायाचे पान दिले. अडीच महिन्यांनी अहवाल आला तो ‘निश्चित मत देता येत नाही’ असा. तुलनेसाठी त्याच काळातल्या, म्हणजे आजारपणानंतरच्या सह्या लागतात, जुन्या सह्या देऊन उपयोग नसतो, हे कोणी आधी सांगितले असते तर निदान तेवढे पैसे वाचले असते. त्या काळातली एक सही होती, बँकेतल्या हयातीच्या दाखल्यावरची. ती मागवण्याचा विषय मी काढला नाही. तीही तशीच थरथरलेली असणार, याची मला आतून खात्री होती.

साक्षीपुरावा कोर्ट कमिशनरपुढे, म्हणजे साक्षी नोंदवायला न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीपुढे, झाला. त्याची पद्धत अशी, की सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने दिलेली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर देतात आणि उलटतपासणी कमिशनरच्या कार्यालयात बसून नोंदवतात. फी दोन्ही पक्षांत विभागली जाते आणि प्रत्येक बैठकीची वेगळी असते. ऑगस्ट २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात अशा सात बैठका झाल्या. मी प्रत्येक बैठकीला मुलुंडहून लोकलने सीएसएमटीला जात असे, सोबत डबा, पाणी आणि वही. कोर्टकामाची स्वतःची वही ठेवा: तारीख, कोण हजर होते, काय झाले, पुढची तारीख, किती पैसे दिले, पावती मिळाली की नाही. आज हे लिहू शकते आहे ते त्या वहीमुळे.

मृत्युपत्राचे दोन साक्षीदार होते. आमचे नेहमीचे डॉक्टर, ज्यांनी त्या दिवशी नाडी, रक्तदाब पाहून दाखला दिला होता, आणि यजमानांचे कचेरीतले जुने सहकारी. हे सहकारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कानाला यंत्र, हातात कापडी पिशवी, आणि मला पाहताच सवयीने ‘वहिनी, बरं आहे ना?’ असे विचारून मग आपण विरुद्ध बाजूचे साक्षीदार आहोत हे आठवून ओशाळलेले. ४ डिसेंबर २०१८ रोजी त्यांची उलटतपासणी झाली. माझ्या वकिलांना कलम ९ मुलाच्या सांगण्यावरून घातले गेले असे वदवून घ्यायचे होते. त्यांनी विचारले, ‘हे कलम कोणाच्या सांगण्यावरून घालण्यात आले?’

म्हातारबुवांनी प्रश्न दोनदा ऐकला. मग म्हणाले, ‘त्यानेच घालायला लावलं. म्हणाला, उद्या पोरगा हिला घराबाहेर काढायला कोर्टात गेला तर त्याला काही मिळता कामा नये. वकिलाने वाचून दाखवल्यावर पुन्हा विचारलं त्याने, हिला कोणी काढू शकणार नाही ना, असं लिहिलंय ना?’

टंकलेखक मुलगी हे टाइप करत होती. ‘हिला’ या शब्दापाशी थांबून तिने कमिशनरांकडे पाहिले आणि त्यांनी कंसात ‘पत्नीस’ असे लिहायला सांगितले. माझ्या वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला, मग आणखी एक, पण मला काही ऐकू येत नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नाही तो उलटतपासणीत विचारू नये, असा वकिलांमध्ये एक संकेत आहे म्हणे. माझ्या बाबतीत तो मोडला गेला याचे वकिलीच्या दृष्टीने वाईट झाले असेल. पण तो मोडला नसता तर ते वाक्य मला कधीच कळले नसते.

त्यानंतर कोणीही समंजस माणसाने थांबायला हवे होते. थांबण्याची संधीही आली. मार्च २०१९ मध्ये मुलाच्या वकिलांकडून तडजोडीचा प्रस्ताव आला: मी कॅव्हेट मागे घ्यावी, हयातभर राहण्याचा हक्क कायम, आणि ३५ लाखांऐवजी २० लाख, कारण दोन वर्षांत त्याचाही खर्च झाला होता. संमतीपत्र न्यायालयात दाखल झाले असते तर निकालाचा आणि त्यामुळे कलम ९ चा प्रश्नच उरला नसता. माझे वकील, ज्यांनी पूर्वी कलम टिकत नाही असे सांगितले होते, तेच आता म्हणाले, ‘घ्या बाई. हात जोडून सांगतो, घ्या.’ मी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटले. कारण विचाराल तर ते पंधरा लाख. यजमानांनी मला ३५ दिले होते, त्यातले १५ कापणारा हा कोण, असे माझ्या मनाने घेतले. दोन वर्षे ज्या मृत्युपत्राला मी खोटे म्हणत होते, त्यातल्याच आकड्यासाठी मी भांडत होते, हे मला तेव्हा दिसले नाही. माझ्या बहिणीला दिसले होते. तिने ते बोलून दाखवले आणि आम्ही चार महिने एकमेकींशी बोललो नाही.

पुढचा काळ सांगण्यासारखा नाही. अंतिम युक्तिवादासाठी प्रकरण फेब्रुवारी २०२० मध्ये बोर्डावर आले, वेळ पुरला नाही, पुढची तारीख पडली ती मार्चअखेरची, आणि मग टाळेबंदी. त्या दीड वर्षात कोर्टाच्या मुदती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वाढत राहिल्या, सुनावण्या संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या, आणि मी त्याच फ्लॅटमध्ये एकटी होते. मुलगा दर पंधरवड्याला वॉचमनपाशी किराण्याची पिशवी ठेवून जाई. वर येत नसे. मी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असे आणि पैसे त्याच्या खात्यावर. यापलीकडे एक अक्षर नाही.

युक्तिवाद नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले आणि निकाल २४ जानेवारी २०२२ रोजी. दोन्ही साक्षीदारांच्या जबान्या जुळतात; मृत्युपत्र नोंदणीकृत असून त्यावर फोटो व ठसा आहे; डॉक्टरांचा दाखला आहे; आणि मृत्युपत्र केल्यावर करणारा जवळपास एकवीस महिने हयात होता, वाटेल तेव्हा ते बदलू शकत होता आणि त्याने बदलले नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात सरळ वाटला. प्रोबेट मंजूर झाले. खर्च ज्याचा त्याने सोसावा असा आदेश झाला, हे त्यातल्या त्यात बरे. अशा प्रकरणाला पाच वर्षे म्हणजे लवकर निकाल लागला, असे वकील म्हणाले.

निकालात कलम ९ विषयी एक शब्दही नव्हता. प्रोबेट देणारे न्यायालय मृत्युपत्र खरे की खोटे एवढेच ठरवते. कोणाचा हक्क उरला आणि कोणाचा गेला हे ते ठरवत नाही. त्यामुळे मी महिनाभर एका खोट्या आशेवर होते. १० मार्चला मामेदिरांचे पत्र आले. व्यवस्थापक या नात्याने मृत्युपत्राची अंमलबजावणी करताना कलम ९ कडे दुर्लक्ष करणे आपल्या हातात नाही, असे त्यांनी अतिशय सभ्य मराठीत लिहिले होते आणि खाली पेनाने ‘वहिनी, क्षमस्व’ असे जोडले होते.

मग मी जे २०१७ मध्ये करायला हवे होते ते केले. एका ज्येष्ठ वकिलांकडे फक्त या एका कलमावर मत घेण्यासाठी गेले. फी २५ हजार. त्यांनी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ उघडून कलम १३४ माझ्यासमोर ठेवले. अमुक घडले तर देणगी संपुष्टात येईल, अशी अट मृत्युपत्रात घालता येते, असे ते कलम सांगते. त्याखाली एक उदाहरण छापलेले आहे: एकाला जमीन हयातभरासाठी दिली आणि अट घातली, की त्याने अमुक रान तोडले तर त्याचा हक्क संपेल. तो रान तोडतो. त्याचा हक्क संपतो. एवढेच. का तोडले, कोणी तोडायला सांगितले, त्याला वाईट वाटले का, यातले काही नाही.

ते म्हणाले, ‘अट बेकायदा किंवा अनैतिक असेल तर ती बाद होते. केवळ धमकी असेल आणि हिस्सा पुढे कोणाला जाणार ते लिहिलेले नसेल, तर वाद घालायला जागा राहते. तुमच्या कलमात ते स्पष्ट लिहिलेले आहे. हवे तर स्वतंत्र दावा करता येईल. माझे मत विचाराल तर एकाच कागदाला खोटेही म्हणायचे आणि त्याचा लाभही मागायचा, हे न्यायाधीशांच्या गळी उतरवणे कठीण जाईल.’ प्रोबेटच्या निकालावर अपील करायची मुदत एरवी तीस दिवसांची, पण सर्वोच्च न्यायालयाच्या मुदतवाढीच्या आदेशामुळे ती तोवर उलटली नव्हती. अपील करता आले असते. मी चौसष्टीत पदार्पण करत होते. आतापर्यंतचा खर्च ८ लाख ७० हजारांच्या आसपास गेला होता, तो बहुतेक माझ्या ग्रॅच्युइटीतून. मी दावा केला नाही.

काय उरले तेही सांगते, कारण हरल्यावर सगळे गेले असे वाटून माणूस हबकतो. माझे स्वतःचे निवृत्तिवेतन होतेच. यजमानांचे कुटुंब निवृत्तिवेतन त्यांच्या मिळकतीचा भाग नसते, ते नियमाने पत्नीला मिळते आणि मृत्युपत्राने ते कोणाला देता येत नाही की काढून घेता येत नाही, त्यामुळे कलम ९ ची त्याला झळ लागली नाही. माझे दागिने माझेच होते. हे सगळे मी प्रकरण सुरू होण्यापूर्वी एका कागदावर लिहिले असते, तर भीती थोडी कमी असती आणि कदाचित जिद्दही.

जून २०२२ मध्ये मुलगा पहिल्यांदा वर आला. सोबत मामेदीर होते. बोलणे अर्ध्या तासात संपले: मी पुढे कोणतीही कारवाई करणार नाही, तो खर्चापोटी काही मागणार नाही, घरातले सामान मला हवे ते न्यावे, आणि ताबा ३१ डिसेंबरपर्यंत द्यावा. हे सगळे लेखी केले आणि दोघांनी सह्या केल्या. निघताना तो दारात थांबून म्हणाला, ‘मावशी, वीस लाखांना हो म्हणाला असतात तर मला हे करावं लागलं नसतं.’ मी म्हटले, ‘पस्तीसला हो म्हणाला असतास तर मी तेव्हाच सही केली असती.’ मामेदीर जिन्याकडे बघत राहिले. दोघेही खरेच बोलत होतो बहुधा.

डोंबिवलीत बहिणीच्या इमारतीजवळ एक खोली-स्वयंपाकघर भाड्याने मिळाले. भाडेकरार नोंदणीकृतच करून घेतला. आता कागदाविषयी कोणी ‘राहू द्या हो’ म्हणाले की मी ऐकत नाही. सामान बांधायला तीन आठवडे लागले. सोसायटीतून थकबाकी नसल्याचे पत्र, विजेच्या मीटरचे अखेरचे वाचन, गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता बदलणे, दोन्ही निवृत्तिवेतनांसाठी बँकेत नवा पत्ता कळवणे, ही कामे घर सोडण्यापूर्वीच उरकावीत, नंतर प्रत्येकासाठी खेप पडते.

३० डिसेंबर २०२२ रोजी सकाळी ताबा पावती केली. मुलाने ती टाइप करून आणली होती: रिकामा फ्लॅट, पंखे तीन, गीझर एक, किल्ल्या तीन. मी वाचून पाहिली आणि किल्ल्या चार आहेत असे सांगितले. चौथी माळ्यावरच्या कपाटाची होती, यजमानांच्या फाइली जिथे असत. त्याने ‘तीन’ वर रेघ मारून ‘चार’ केले, आणि शेजारी दोघांनी छोट्या सह्या केल्या, कारण खाडाखोड केली की तिथे सही लागते.